चार बोटं पाणी

आमच्या घरमालकांना मी कधी कोरड्या जागी हात धुताना पाहिलं नाही. जेवण झालं की खरकटा हात तसाच धरून ते अंगणात येत, आज कोणत्या झाडाची बारी आहे ते आठवत आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी बसून एका तांब्यात हात, तोंड, ताट सगळं उरकत. पाहुण्यालाही तोच नियम. "हात धुवाचे हायेत? पपईपाशी जा जी. शेवग्याले काल भेटलं." पाहुणा बिचारा खरकट्या हातानं पपई शोधत फिरायचा.

ते पाटकरी होते. तलावाचं पाणी पाटानं ज्याच्या त्याच्या शेतात, ज्याच्या त्याच्या क्रमानं सोडणारा सरकारी माणूस तो पाटकरी. सगळी मोहाडी त्यांना बाबाजी म्हणायची, म्हणून मीही. नोकरी संपली तरी पाणी वाटायची खोड संपली नव्हती. घरी तलाव नव्हता, तर विहीर होती; शेतकरी नव्हते, तर तीसेक झाडं होती. झाडांना त्यांनी माणसांसारखंच वागवलं. शेवगा म्हणजे पाटील, कारण त्याला नेहमी आधी पाणी हवं. सीताफळ म्हणजे रुसकी म्हातारी. केळी सोशीक, तिला उरलंसुरलं. सकाळी उठून ते अंगणात दटावत फिरायचे, "आज तुयी बारी नाई. उद्या ये." झाड उद्या कुठून येणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

हातात एक बांबूची काठी असे. तिच्यावर सुरीनं खाचा केलेल्या, बोटाबोटाच्या अंतरावर. बांधीत म्हणजे धानाच्या शेतात पाणी किती उभं आहे ते मोजायची ती काठी, पण निवृत्तीनंतर ते तिनं जग मोजायला लागले. पाऊस बोटांत, थंडी बोटांत. मी चहा द्यायला गेले की म्हणायचे, "दोन बोटं बस झाला, बाई." एकदा तहसीलदारांचा निरोप समारंभ होता, त्यांचं भाषण कसं झालं विचारलं तर म्हणाले, "लांब होतं, पन खोल नोहतं. एक बोट."

जिल्हा फुटला तेव्हा वाटणीत माझं गाव गोंदियाच्या बाजूला गेलं आणि माझी नोकरी भंडाऱ्याच्या बाजूला राहिली. मोहाडीच्या कचेरीत मी कारकून. आई गेलेली. भावाच्या घरी माझी गादी दिवाळीपुरती पडायची आणि भाऊबीज झाली की वहिनी ती उन्हात टाकायची. बाबाजींची एक खोली भाड्यानं घेतली ती सहा महिन्यांसाठी, आणि राहिले तीन वर्षं. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मुलगी लग्न होऊन बल्लारशाला. घरात ते, समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि मागच्या खोलीत मी.

माझ्या मोरीचं पाणी त्यांनी नाली काढून अळूला नेलं होतं. एका सकाळी म्हणाले, "बाई, काल सैपाक नाई केला का?"

"केला की."

"मंग अळूपाशी नुसतं पानी काहून आलं? ना भाताचा कण, ना तेलाचा तवंग. पान्याले तोंड नाई, पन सांगते सारं."

मी खरोखरच उपाशी झोपले होते. भावाचं पत्र आलं होतं, त्यात काही वाईट नव्हतं. माझ्याबद्दलही काहीच नव्हतं. बाबाजींनी पत्राचं विचारलं नाही. चुलीवरचा भात आणि वांग्याची भाजी झाकून माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि जाताना सांगितलं, ताट अळूपाशीच धुवा. आता मी नागपुरात चौथ्या मजल्यावर राहते. बेसिनमध्ये हात धुते, आणि ते पाणी कुठं जातं मला ठाऊक नाही. मी जेवले की नाही ते कळेल असं कुणी त्या पाण्याच्या टोकाशी बसलेलं नाही. या वयात असल्या गोष्टीची हुरहुर लागावी हे हास्यास्पद आहे, पण लागते.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट इथंच सांगून टाकते. पाण्याची चोरी व्हायची. बारी एकाची आणि दुसराच कुणी, सगळे जेवायला गेले की पाटाची पाळ फोडून पाणी आपल्या बांधीत वळवायचा. बाबाजी पायावरच्या चिखलावरून चोर ओळखायचे. पण त्यांनी कुणाचं नाव कधी कागदावर घेतलं नाही की चारचौघांत काढलं नाही. पुढच्या फेरीला सगळे शेतकरी पाटावर जमले की ते नेमकं त्याच माणसाला पुढं बोलवायचे आणि म्हणायचे, "पयली बारी तुयी." बस. तो माणूस मान खाली घालून पाणी घ्यायचा. का, ते त्या दोघांनाच ठाऊक.

"चोराला बक्षीस?" मी वैतागून विचारलं होतं. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला असलं काही पटत नाही.

"बक्षीस कायचं, बाई. चोरी तहानेनं व्हते. तहान भागली का मानूस सवताच आपल्या पायाकडं पाहते."

"आणि त्यानं पुन्हा चोरलं तर?"

"आजवर त कोनी चोरलं नाई," असं म्हणून ते मिरचीला पाणी घालायला गेले.

आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडणाऱ्या या माणसाच्या मालकीची वीतभर बांधी नव्हती. गाव त्यांचं पवनीकडचं, आसगाव. बाप तिथं एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालदार होता. त्या शेतकऱ्याची एक बांधी पाटाच्या अगदी तोंडाशी होती. पाणी सुटलं की पहिलं तिथं. बापानं जन्मभर ती बांधी नांगरली, चिखल केला, धान कापलं आणि दुसऱ्याच्या कोठीत नेऊन टाकलं. बाबाजी लहानपणी बापाची शिदोरी घेऊन जायचे तेव्हा त्याच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचे. आणि एका हिवाळ्यात निरोप आला की त्या शेतकऱ्याचा नातू शहरात चालला आहे, बांधी विकतो आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चुकीच्या झाडापाशी हात धुतले.

"घर विकतो, बाई," ते म्हणाले. "मले तेच बांधी पायजे. नातू म्हनते, मिरगापर्यंत थांबतो. मिरीग लागला का दुसऱ्याले देईन."

मी शहाणी. रविवारच्या पुरवणीत मी नुकतंच वाचलं होतं की घर विकायचं असेल तर आधी बाग सजवावी, गिऱ्हाईक फाटकातच अर्धं घर विकत घेतं. तो कागद मी त्यांना वाचून दाखवला. पुढं हिरवळ हवी, रंगीत पानांच्या कुंड्या हव्या, पायवाट हवी. ते मन लावून ऐकत होते. भंडाऱ्याच्या रोपवाटिकेतून मीच बसच्या टपावर टाकून हिरवळीचे तुकडे आणले. बाबाजींनी एक तुकडा उचलून वास घेतला.

"हे कोनतं धान व्हय?"

"धान नाही बाबाजी, नुसतं गवत."

"नुसतं?" त्यांनी तो तुकडा उलटा करून पाहिला. "आमच्या बाया जलमभर निंदून निंदून फेकतेत ह्याले. अन् तुमी तिकीट काढून आनलं?"

पण लावलं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले तर हिरवळीच्या चारी बाजूंनी सुबक मातीची पाळ घातलेली आणि आत चार बोटं पाणी उभं. बारीक हिरवं पातं मातीत लावलं की त्यात पाणी उभं करायचं, याखेरीज दुसरं काही त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. मी ओरडले, तर काठी बुडवून दाखवत म्हणाले, "मोजून पाहा. ना कमी, ना जास्ती." आठवड्यात गवत कुजलं आणि बेडूक आले. बेडकांमागं दोन बगळे आले. ते पाहून बाबाजी खूश, कारण पुरवणीत पक्ष्यांचाही उल्लेख होता.

त्यातच तुमसरचा एक कापडवाला घर पाहायला आला. पायात चकचकीत बूट. "वा, लॉन पन हाये!" म्हणत त्यानं पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत आत गेलं. पाय निघाला, बूट नाही. आम्ही दोघांनी मिळून बूट काढला. बाबाजींनी आधी त्या भोकात काठी घातली आणि समाधानानं म्हणाले, "सा बोटं. चिखल बढिया झाला." कापडवाला पुन्हा आला नाही.

मग मी पुरवणी चुलीत घातली आणि ते म्हणतील तसं करायचं ठरवलं. पुढचे दोन महिने, कचेरीतून आल्यावर आणि सुटीच्या दिवशी, आम्ही दोघं त्या अंगणात राबलो. त्यांनी विहिरीपासून फाटकापर्यंत एक नाली काढली, फुटक्या कवेलूंनी, म्हणजे कौलांनी, बांधून काढली, आणि तिचा उतार काठीनं इतका नीट साधला की पाणी पळायचंही नाही आणि थांबायचंही नाही. फाटकातून आत येणारा माणूस त्या पाण्याच्या सोबतीनं ओट्यापर्यंत यायचा. दोन्ही कडांना झेंडू, शेवंती, कर्दळ. झाडांच्या बुंध्यांना त्यांनी खाली गेरू आणि वर चुना फासला. सरकारी विश्रामगृहात तसं असतं म्हणून. शेवग्याला फासला, पपईला फासला, आणि उरला म्हणून मिरचीच्या रोपट्यांनाही फासला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी तीस वर्षांची होते आणि इतकी हसले होते हे मला आठवत नव्हतं. त्या अंगणात माती कालवताना मला पहिल्यांदा वाटलं की हे आपलं घर आहे. वाटायला नको होतं. आम्ही ते विकायला सजवत होतो.

माघात तुमसरहूनच एक शिक्षक जोडपं आलं. बाबाजींनी त्यांना फाटकात पाहिलं आणि धावत जाऊन मोटेएवढ्या बादलीनं नालीत पाणी सोडलं. बाईंनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात घातले. नवरा मिरचीचे रंगवलेले बुंधे पाहून हसला नाही, त्यानं वाकून नीट पाहिले. बाबाजींचा चेहरा उजळला. ते गेल्यावर म्हणाले, "या लोकायले पानी समजते. हेच घेतीन. झाडं बी ठेवतीन." शनिवारी शेवटचं बोलायला येतो असं ते सांगून गेले होते. बाबाजींना इतका धीर कुठला. शनिवारी सकाळीच आसगावची बस धरून ते त्या नातवाला सांगायला गेले. "दुपारपावतो येतो. ते आले त बसवून ठेवा."

ते दोघं अकरालाच आले. मी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाईंनी विहिरीत डोकावून विचारलं, "उनाड्यात पानी राहते ना जी विहिरीले?"

ती विहीर मी दोन वैशाखांत पाहिली होती. अर्धी गल्ली तिथं भरायची, तरी ती आटली नाही.

"मार्च सरला की तळ दिसतो," मी म्हणाले.

किती सहज आलं ते तोंडातून. मी काही ठरवलं नव्हतं. फक्त त्या बाईंचे पाण्यातले पाय, त्यांची माझ्या खोलीकडं गेलेली नजर, आणि घर गेल्यावर माझी गादी कुठं पडणार, एवढंच डोक्यात होतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. उठताना बाई हळहळून म्हणाल्या, "लय आवडलं होतं जी घर. बाबाजीनं त एकच अट घातली होती, का तुमाले तुमच्या खोलीत राहू द्याचं. आमी हाव म्हटलं होतं."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की थांबा, मी खोटं बोलले. फाटक लागेपर्यंत वेळ होता. फाटक लागल्यावरही होता. बसस्टँड काही लांब नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिले. आजवर मी बऱ्याच चुका केल्या, पण आठवली की अंगाला घाम फुटतो अशी ही एकच आहे.

बाबाजी दुपारी आले. टोपी काढून विचारलं, "आले होते का?"

"आले होते. कळवतो म्हणाले."

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. मग विहिरीपाशी गेले, कठड्यावर हात टेकून आत पाहिलं, आणि "हाव" एवढंच म्हणून बादली सोडली. त्या दिवशी बारी केळीची होती.

त्यानंतर कुणी धड गिऱ्हाईक आलं नाही. शेवंती सुकली, उन्हानं झेंडू करपला. विहीर मात्र तशीच भरलेली, मे महिन्यातही. रोज सकाळी बादली आपटल्याचा आवाज आला की मी खोलीचं दार लावून घ्यायची. मृग लागला आणि आसगावची बांधी दुसऱ्यानं घेतली. ती बातमी आली तेव्हा ते शेवग्याच्या शेंगा तोडत होते. हातातल्या शेंगा त्यांनी खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, आणि अर्ध्या माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या.

दिवाळीनंतर घर विकलं गेलं, रस्त्यालगत गाळे काढणाऱ्या एका माणसाला. त्यानं पहिल्या आठवड्यात झाडं तोडली आणि अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले. गेरू-चुन्याचे ओंडके फाटकाबाहेर रचलेले मी पाहिले. मला दुसरी खोली पाहावी लागली. म्हणजे ज्यासाठी खोटं बोलले ते तर गेलंच, आणि जाताना बाबाजींची झाडं आणि ती बांधीही घेऊन गेलं. बाबाजी सामान बांधून आसगावला बहिणीकडं गेले. आलेल्या पैशांत त्यांनी तिथं एक बांधी घेतली, पाटाच्या शेवटाला. जिथं सगळ्यांचं भागलं की मग पाणी पोचतं, पोचलं तर.

आषाढ सरता सरता कचेरीत फोन आला. "बाई, रोवना हाये मंगळवारी. येता का?" धानाची कोवळी रोपं चिखलात लावायची तो रोवणा. मी रजा टाकली. भंडारा, पवनी, आसगाव, अशा बसा बदलत जाताना सारखं वाटत होतं की उतरावं आणि परत फिरावं. तोंड कसं दाखवायचं?

बांधीवर सातआठ बाया लुगडी खोचून तयार होत्या. वाफ्यातून उपटलेल्या पऱ्ह्यांच्या मुठी धुऱ्यावर रचलेल्या. पण पाणी आलं नव्हतं. वरच्या बांध्या भरत होत्या. पाटाच्या तोंडाशी, त्या पहिल्या बांधीत, दुसऱ्याच कुणाचा रोवणा चालला होता; तिथल्या बायांचं गाणं इथवर ऐकू येत होतं. बाबाजी काठी घेऊन कोरड्या नालीच्या कडेला बसले होते. ज्यानं जन्मभर लोकांना पाणी वाटलं तो आता सगळ्यांच्या मागं बसून वाट पाहत होता, आणि ते माझ्यामुळं. दुपार कलली तेव्हा पाणी आलं, गढूळ, रेंगाळत. त्यांनी काठी बुडवली. चार बोटं हवं होतं, दोनच भरलं.

"जमन," ते म्हणाले आणि उठले.

पहिली मूठ घरच्या बाईनं लावायची असते. त्यांची बहीण पदर खोचून पुढं झाली. बाबाजींनी पऱ्ह्यांची मूठ उचलली, बहिणीकडं पाहिलंही नाही, आणि सगळ्यांसमोर ती माझ्यापुढं धरली.

"पयली बारी तुयी, पोरी."

तीन वर्षं त्यांनी मला बाई म्हटलं होतं. बाया माझ्याकडं कौतुकानं पाहत होत्या. पाहुणीला केवढा मान, असं त्यांना वाटलं असेल. माझी मान आपोआप खाली गेली आणि मला माझे पाय दिसले, चिखलात. शनिवारचं माझं खोटं त्यांना कळलं होतं. ते दोघं बसस्टँडवर त्यांना भेटले असणार; कठड्यावर हात टेकून विहिरीत पाहिलं तेव्हाच त्यांना सगळं ठाऊक होतं. नंतरची प्रत्येक सकाळ, उंबऱ्यावरच्या त्या शेंगा, सगळं त्यांनी माहीत असून केलं होतं.

"बाबाजी, मी..." रडूच कोसळलं.

"लाव, लाव. पानी मुरून राहिलं."

मी वाकले. असलं काम कधी केलेलं नव्हतं. डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं, बोटं कुठं रोवावी ते कळत नव्हतं. मूठ संपली तेव्हा माझी ओळ धुऱ्यापासून पार तिरकी गेलेली होती. बहीण हसली आणि ती उपटून सरळ करायला वाकली, तशी बाबाजींनी काठी आडवी धरली.

"राहू दे तिले."